जबड्यातून कानात

मनुष्याच्या कानाच्या पडद्याआड जी लहानशी पोकळी आहे तीत तीन हाडे एकमेकांस सांधून टांगलेली असतात. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही त्यांची नावे. पहिल्या दोहोंचे वर्णन व्हेसालियसच्या १५४३ सालच्या प्रसिद्ध ग्रंथात आहे; तिसरे इतके इवलेसे की ते त्याच्याही नजरेतून सुटले, आणि नेपल्स येथे शिकविणाऱ्या इंग्रासियाने ते १५४६ साली दाखवून दिले. रिकिबीची लांबी जेमतेम तीन मिलिमीटर भरते. मनुष्यदेहात ह्याहून लहान हाड नाही. हवेतील लहरींनी पडदा थरथरला की हातोडी हलते, ती ऐरणीस हलविते, ऐरण रिकिबीस ढकलते, आणि रिकिबीचे पाऊल अंतर्कर्णाच्या खिडकीवर दाब देते. पडद्याचा विस्तार ह्या खिडकीच्या सुमारे सतराअठरा पट असल्यामुळे हवेतील क्षीण कंपाच्या अंगी आतील द्रव हलविण्याइतके बळ येते. ही योजना नसती, तर बाहेरचा बहुतेक ध्वनी त्या द्रवावर आपटून परतच गेला असता.

हे त्रिकूट फक्त सस्तन प्राण्यांच्या कानात आढळते. कावळा, पाल, बेडूक ह्यांच्या मध्यकर्णात हाड एकच, आणि ते आपल्या रिकिबीच्या जागचे. खालच्या जबड्याची गोष्ट नेमकी उलट आहे. आपल्या जबड्यात प्रत्येक बाजूस एकच हाड असते, ज्यात दात रुतलेले असतात ते; त्यास दंतास्थि म्हणू. पालीच्या किंवा मगरीच्या जबड्यात मात्र दंतास्थीच्या मागे आणखी अनेक हाडे जोडलेली असतात, आणि जबड्याचा कवटीशी सांधा दंतास्थीने नव्हे, तर त्या मागील हाडांपैकी एकाने साधलेला असतो. कानात दोन हाडे अधिक आणि जबड्यात कित्येक हाडे उणी, हे दोन फरक परस्परांपासून अलग नसून एकाच स्थित्यंतराची दोन अंगे आहेत, ही गोष्ट आज निर्विवाद ठरली आहे. ती ठरण्यास दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. वाद मुख्यतः एकाच प्रश्नावर अडला होता, आणि तो प्रश्न कोणाही समंजस मनुष्यास सुचावा असाच होता.

प्रारंभ एका चुकीच्या तर्काने झाला. पॅरिसचे झॉफ्र्वा सेंतिलेर ह्यांनी १८१८ साली असे प्रतिपादन केले की माशाच्या कल्ल्यांवरील झाकणाची हाडे तीच आपल्या कानातील हाडे होत. सर्व पृष्ठवंशी प्राणी एकाच आराखड्यावर घडले आहेत ही त्यांची श्रद्धा, आणि श्रद्धेच्या भरात साम्य कोठेही दिसू लागते. तर्क फसला, पण ही हाडे इतर प्राण्यांत कोठे तरी असलीच पाहिजेत हा त्यामागील आग्रह फुकट गेला नाही. दोनच वर्षांनी हाल येथील शरीरशास्त्रज्ञ योहान फ्रीडरिश मेकेल ह्यांनी गर्भावस्थेतील जबड्यात कूर्चेची एक बारीक कांडी पाहिली. ही कांडी हनुवटीपासून निघून जबड्याच्या आतील बाजूने मागे जाते आणि थेट कानातील हातोडीस मिळते. जन्मापर्यंत ती बहुतेक विरून जाते. ती तेथे असण्याचे प्रयोजन काय, ह्याचा उलगडा मात्र व्हावयाचा होता.

तो उलगडा कार्ल राइशर्ट ह्या तरुण जर्मन शास्त्रज्ञाने १८३७ साली केला. त्या वेळी त्याचे वय अवघे पंचवीस वर्षांचे. डुकराच्या गर्भाच्या क्रमाक्रमाच्या अवस्था तपासून त्याने दाखविले की हातोडी आणि ऐरण ही हाडे गर्भाच्या पहिल्या कमानीतून, म्हणजे ज्या भागातून जबडा घडतो त्याच भागातून, निपजतात. रिकीब मात्र मागल्या दुसऱ्या कमानीची. सरड्याच्या गर्भात मेकेलच्या कांडीच्या मागील टोकाशी जबड्याच्या सांध्याचे खालचे हाड तयार होते. डुकरात त्याच टोकाशी हातोडी तयार होते. तेव्हा सरड्याच्या सांध्यातील खालचे हाड म्हणजे आपली हातोडी, आणि त्यावर टेकणारे कवटीचे चौरसास्थि म्हणजे आपली ऐरण, असा त्याचा निष्कर्ष होता. राइशर्टच्या मनात उत्क्रांतीची कल्पना नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्याच वर्षी लंडनमध्ये डार्विन जीवजातींच्या परिवर्तनावरील आपली पहिली टिपणवही लिहू लागला होता, पण तिची वार्ता बाहेर कोणासच नव्हती. राइशर्टला दिसला तो रचनेतील समानधर्म. एका प्राण्यापासून दुसरा निपजला असे तो म्हणत नव्हता.

डार्विनचा ग्रंथ १८५९ साली निघाल्यावर ह्याच समानधर्मास निराळाच अर्थ आला. साम्य आहे ते वंशामुळे, असे एकदा म्हटले की सरड्यासारख्या कोणा पूर्वजाच्या जबड्यातील हाडे खरोखरच पिढ्यांमागून पिढ्या सरकत कानात गेली असे मानणे प्राप्त होते. येथेच तो प्रश्न उभा राहिला. जबड्याचा सांधा म्हणजे जिवंत प्राण्याच्या अन्नाचे दार. त्या दाराची बिजागरी काढून कानात बसवावयाची, तर मधल्या काळात दार कशावर फिरणार? जुना सांधा मोडला आहे आणि नवा अजून जुळला नाही, अशा प्राण्याने खावे कसे? त्याने उपाशी मरावे आणि त्याबरोबर त्याचा वंशही संपावा, हेच ओघाने येते. शिवाय अर्धवट जबड्यात आणि अर्धवट कानात अडकलेले हाड ऐकण्याच्या तरी काय उपयोगाचे? राइशर्टचे म्हणणे न पटणाऱ्यांनी त्या हाडांची उत्पत्ती अन्यत्र शोधली, आणि हा वाद तीन पिढ्या चालला. आक्षेप घेणारे अडाणी होते असे मुळीच नाही. डार्विनाचे तत्त्व असे की प्रत्येक पायरी जगण्यास उपयोगी असली पाहिजे. त्या तत्त्वाची इतकी नेमकी कसोटी दुसरी क्वचितच कोणी पुढे केली असेल.

एर्न्स्ट गाउप ह्या जर्मन पंडिताने १९१३ साली ह्या विषयावर मोठा प्रबंध लिहून राइशर्टच्या पक्षाची बाजू अशी मांडली की गर्भशास्त्राच्या अंगाने तरी तीत फट राहिली नाही. पडदा ज्या हाडाच्या कड्यावर ताणलेला असतो ते कडेही जबड्याच्याच एका हाडाचे, म्हणजे कोनास्थीचे, रूपांतर होय, हे त्याने दाखविले. त्याच्या विवेचनातील मर्माची गोष्ट ही की आपल्या जबड्याचा सांधा नवा आहे आणि जुना सांधा नाहीसा झालेलाच नाही. हातोडी आणि ऐरण ह्यांच्यामध्ये जो सूक्ष्म सांधा आहे, तोच पालीच्या जबड्याचा सांधा. ह्यास मज्जातंतूंचीही साक्ष आहे. हातोडीस एक बारीक स्नायू जोडलेला असून तो पडदा ताणून धरतो. त्यास आज्ञा पोहोचविणारी नस चर्वणाच्या स्नायूंस हुकूम देणाऱ्या नसेचीच शाखा आहे. रिकिबीचा स्नायू मात्र चेहऱ्याच्या नसेच्या ताब्यात. घर बदलले, पण कागदोपत्री कूळ जुन्याच खात्यावर राहिले, असा हा प्रकार आहे.

तथापि गर्भाची साक्ष ती गर्भाचीच. गर्भ खात नाही; आईच्या उदरात त्यास सांध्यावाचून अडत नाही. मूळ आक्षेपास उत्तर द्यावयाचे तर एके काळी खरोखर जगलेले, खाल्लेले आणि ऐकलेले प्राणीच पुढे आणावयास हवे होते. ते दक्षिण आफ्रिकेतील कारू नावाच्या रूक्ष पठाराच्या खडकांतून आले.

अँड्र्यू गेडीज बेन हा रस्ते बांधणारा गृहस्थ १८३८ च्या सुमारास त्या प्रदेशात अश्मीभूत कवट्या गोळा करू लागला. त्याने इंग्लंडास पाठविलेल्या अवशेषांवरून रिचर्ड ओवेन ह्यांनी १८४५ साली डायसिनोडॉन हा विचित्र, दोन सुळ्यांचा प्राणी जगापुढे ठेवला. पुढे असल्या प्राण्यांची रीघच लागली. दिसण्यात ते सरीसृपांसारखे, पण दात पाहावे तो कुत्र्यासारखे पुढले, सुळे आणि दाढा असे वेगवेगळे झालेले. ह्यांतील एका गटास सायनोडाँट, म्हणजे श्वानदंती, असे नाव मिळाले, आणि आपल्या कथेचे खरे नायक तेच. रॉबर्ट ब्रूम ह्या स्कॉटिश डॉक्टराने १८९७ साली दक्षिण आफ्रिका गाठली आणि आयुष्याची पुष्कळ वर्षे ह्याच प्राण्यांस वाहिली. वैद्यकीवर पोट भरावे आणि अवशेषांवर जीव टाकावा, असा त्याचा क्रम होता. कानातील हाडांच्या प्रश्नावर त्याने १९१२ साली लिहिले, ते पुस्तकी गर्भशास्त्राच्या नव्हे, तर हाती असलेल्या कवट्यांच्या आधारे.

ह्या कवट्या काळाच्या क्रमाने मांडल्या तर एकच प्रवाह दिसतो. सुमारे सव्वीस कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांत दंतास्थि हे जबड्याचे पुढील अंग तेवढे व्यापते, आणि मागील हाडे चांगली दणकट असतात. पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या थ्रिनाक्सोडॉन ह्या मांजराएवढ्या श्वानदंतीत दंतास्थि मागे आणि वर पसरून जबड्याचा बहुतेक भाग तेच झालेले असते. मागील हाडे बारीक होऊन त्याच्या आतील बाजूच्या खोबणीत बसलेली असतात. आणखी पुढच्या प्राण्यांत ती काडीसारखी होतात. असे का व्हावे? दंतास्थीवर चर्वणाचे नवे मोठे स्नायू येऊन बसले, हे त्याचे एक कारण. ह्या स्नायूंची ओढ अशा दिशांनी पडू लागली की चावण्याचा जोर दातांवर यावा आणि सांध्यावर त्याचा भार कमी पडावा. ह्या गणिताचा उलगडा ए. डब्ल्यू. क्राँप्टन ह्यांनी १९६३ साली केला. वरकरणी हे कोडेच वाटते, की प्राणी अधिक जोराने चावू लागला आणि त्याचा सांधा मात्र नाजूक होत गेला. पण सांध्यावर भारच येत नसेल तर तो जाडजूड ठेवण्याचे कारण काय? अलीकडे, २०१८ साली, गणनयंत्राच्या साहाय्याने जबड्यांवरील ताण मोजून असेही दाखविण्यात आले की ह्या वंशातील प्राणी उंदराएवढे लहान होत गेले, तसतसा सांध्यावरील भार आणखी उतरला.

आता दोन सांध्यांची गोष्ट. दंतास्थि मागे वाढत वाढत कवटीस टेकली, की जुना सांधा असतानाच त्याच्या शेजारी नवा जुळतो. हे तर्काने केव्हाच सुचले होते. प्राणी सापडावयाचा होता. क्राँप्टन ह्यांनी १९५८ साली दक्षिण आफ्रिकेतीलच एका लहानशा प्राण्याचे वर्णन केले आणि त्यास डायार्थ्रोग्नाथस, म्हणजे दोन सांध्यांच्या जबड्याचा, असे नाव दिले. त्याच्या जबड्यात जुना सांधा काम करीत आहे आणि त्याला लागूनच नवाही. दार एका बिजागरीवरून दुसऱ्या बिजागरीवर गेले, पण दोन्ही बिजागऱ्या कित्येक लक्ष वर्षे एकाच चौकटीस होत्या. राहत्या वाड्याची तुळई बदलावयाची असली म्हणजे कुशल सुतार आधी नवा टेकू देतो आणि मग जुनी काढतो. घरातली माणसे जेवतात, निजतात, आणि छप्पर कोणाच्या डोक्यावर पडत नाही.

ह्याहूनही पूर्ण साक्ष वेल्समधून मिळाली. तेथील ग्लॅमॉर्गन परगण्यात, चुनखडीच्या खडकांतील भेगांत साठलेल्या मातीतून, सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीच्या एका चिचुंद्रीसारख्या प्राण्याची हाडे निघाली. वॉल्टर क्यूने ह्यांनी १९४९ साली त्यास मॉर्गनुकोडॉन असे नाव दिले. पुढे चीनमधील युन्नान प्रांतात लुफेंग येथे ह्याच जातकुळीची जवळजवळ अखंड कवटी मिळाली. लांबी सुमारे एक इंच. तिची माहिती हॅरल्ड रिग्नी ह्या अमेरिकन पाद्र्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केली. ह्या उंदीरवजा प्राण्याच्या अभ्यासकांच्या कुंडलीत तुरुंगवासाचा योग का असावा कोण जाणे. क्यूने हे नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून आलेले, आणि महायुद्धात इंग्रजांनी त्यांस जर्मन म्हणूनच स्थानबद्ध केले. रिग्नी ह्यांनी १९५१ पासून १९५५ पर्यंत चीनमध्ये कारावास भोगला. केनेथ कर्मॅक, फ्रान्सिस मसेट आणि हेच रिग्नी ह्यांनी मिळून १९७३ साली मॉर्गनुकोडॉनच्या जबड्याचे आणि १९८१ साली कवटीचे जे सविस्तर वर्णन छापले, ते ह्या विषयात आजही प्रमाण मानले जाते. त्यात दिसते ते असे. दंतास्थीच्या टोकास गोल लाटणी येऊन ती कवटीच्या खोलगट खळीत बसलेली आहे, म्हणजे सस्तनाचा सांधा सिद्ध झाला आहे. आणि त्याच्या आतल्या अंगास जुना सांधाही शाबूत आहे, फक्त त्याची हाडे इतकी नाजूक की ती चर्वणापेक्षा श्रवणाच्याच कामाची वाटतात.

खाण्याच्या बाजूने आक्षेपाचे निरसन झाले. ऐकण्याच्या बाजूचे काय? फार दिवस असे समजत की ह्या प्राण्यांचा पडदा सरड्याप्रमाणे जबड्याच्या सांध्यामागे असावा, आणि सांध्यातून मोकळी झालेली हाडे नंतर केव्हा तरी पडदा आणि रिकीब ह्यांच्या मधे घुसली असावीत. चालू असलेल्या यंत्रात दोन निरुपयोगी तुकडे मधेच शिरावे आणि यंत्र बिघडण्याऐवजी सुधारावे, हे मनास पटण्यासारखे नव्हतेच. एडगर ऍलिन ह्यांनी १९७५ साली ही कल्पना मुळापासून उलटी केली. श्वानदंतींच्या कोनास्थीस एक पातळ पाकळीसारखा पदर आहे आणि त्याच्या आत हवेस जागा आहे. ऍलिन म्हणाले, पडदा तेथेच होता, जबड्यावरच. ध्वनीने ती पाकळी थरथरे, कंप जबड्याच्या मागील हाडांतून चौरसास्थीत आणि तेथून रिकिबीत जाई. अर्थात् ही हाडे जबड्यात असतानाच कानाचे काम करीत होती. त्यांस कानात जावे लागले नाही. चावण्याचे काम त्यांच्याकडून काढून घेतले गेले एवढेच.

आपल्याकडे सापास चक्षुःश्रवा म्हणतात, कारण त्यास बाहेरून कान दिसत नाही. वास्तविक साप डोळ्यांनी ऐकत नसून बऱ्याच अंशी जबड्याने ऐकतो. त्याची रिकीब चौरसास्थीस टेकलेली असते, आणि जबडा भुईवर असला की जमिनीतील कंप त्याच वाटेने आत पोहोचतो. ज्या जबड्याने बेडूक गिळावयाचा त्यानेच पावलांची चाहूल घ्यावयाची. तेव्हा ऍलिन ह्यांचे प्राणी काही अद्भुत करीत होते असे नव्हे. हाडे जितकी हलकी आणि सैल, तितके त्यांनी बारीक, उंच ध्वनी उचलावे; चर्वणाचा भार उतरत होता, म्हणून त्यांस हलके होण्याची मुभा होती. रात्री किडे टिपून खाणाऱ्या लहानग्या प्राण्यास किड्यांची कुजबुज ऐकू येणे म्हणजे पोटभर अन्न. पक्षी आणि सरडे दर सेकंदास दहाबारा हजार कंपांपलीकडचे सहसा ऐकत नाहीत. मनुष्य वीस हजारांपर्यंत ऐकतो, आणि वटवाघळे लाखाच्याही वर जातात.

जबड्यापासून ही हाडे शेवटी सुटली केव्हा, हे चीनमधील खडकांनी सांगितले. तेथील रेपेनोमामस ह्या बोक्यासारख्या धिप्पाड सस्तनात मेकेलची कांडी कूर्चेची न राहता हाडाची होऊन टिकलेली आहे, हे २००१ साली कळले. २००७ साली यानोकोनोडॉन आणि २०११ साली लियाओकोनोडॉन ह्या बारा कोटी वर्षांमागील प्राण्यांत तर हातोडी, ऐरण आणि पडद्याचे कडे दंतास्थीपासून बाजूस झालेली, पण त्याच कांडीने जबड्यास अडकून राहिलेली स्पष्ट दिसली. मेकेलने गर्भात पाहिलेली कांडी प्रौढ प्राण्याच्या तोंडात सापडण्यास एकशेएक्याऐंशी वर्षे लागली. ज्यांस दगडांवर विश्वास ठेवणे जड जाते त्यांनी ऑपॉसमचे किंवा कांगारूचे नवजात पिलू पाहावे. ते इतक्या अपक्व स्थितीत जन्मते की त्याच्या जबड्याचा नवा सांधा अजून बनलेलाच नसतो. हातोडी आणि ऐरण मेकेलच्या कांडीसह जबड्याशी जोडलेली असतात. पिलू आईच्या स्तनास चिकटून राहते, आणि काही आठवड्यांनी नवा सांधा जुळून ही हाडे कानाकडे वळतात.

एक वाद मात्र अद्याप चालू आहे. हाडांची ही सुटका एकदाच झाली, की अनेक वंशांत स्वतंत्रपणे? ऑस्ट्रेलियातील टाइनोलोफॉस ह्या प्लॅटिपसच्या प्राचीन नातलगाच्या जबड्यात मागील हाडांसाठी खोबण आहे, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. ते खरे असेल तर प्लॅटिपसच्या वंशाने आणि आपल्या वंशाने ही वाट वेगवेगळी चालली असली पाहिजे. त्या जबड्याच्या तपशिलाचा पुढे फेरविचार झाला, तरी बहुतेक तज्ज्ञांचा कल एकाहून अधिक वेळा ही सुटका झाली असे मानण्याकडेच आहे. मला स्वतःला त्यात नवल वाटत नाही. चावणे आणि ऐकणे ही दोन कामे एकाच हाडांवर लादलेली असली, आणि एका कामास दुसरा वाटेकरी मिळाला, की वाटणी होण्याचा प्रसंग निरनिराळ्या घरांत येणारच.

ह्या कथेत आपल्या प्रांताचेही एक लहानसे पान आहे. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याजवळ कोटा नावाचे खेडे आहे, आणि प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातील ज्या प्राचीन थरांस भूगर्भशास्त्रज्ञ कोटा हे नाव देतात ते ह्याच गावावरून. बारापासॉरस ह्या प्रचंड डायनोसॉरामुळे ते थर प्रसिद्ध आहेत. पण त्यांतूनच १९८१ साली कोटाथेरियम ह्या इवल्या सस्तनाचे वर्णन झाले. भारतातील ज्युरासिक काळाचा हा पहिला ज्ञात सस्तन, आणि त्याच्या जातिनामात जे. बी. एस. हाल्डेन ह्यांचे नाव गुंफलेले आहे. त्यानंतर ह्या थरांतून आणखीही काही सस्तनांची ओळख पटली, पण ती बहुतेक एकेकट्या दातांवरून. दातावरून प्राणी काय खात असे ते कळते. तो कशाने ऐकत असे हे कळण्यास जबड्याचा मागील भाग हवा, आणि त्याच्या आतल्या बाजूस ती खोबण आहे की नाही हे पाहावयास हवे. कानाची हाडे स्वतः नाहीशी झाली असली तरी ती जेथे बसत तेथला हा ठसा राहतो. वेल्सच्या भेगांतून आणि लुफेंगच्या टेकड्यांतून जसे जबडे निघाले, तसा एखादा अजून प्राणहितेच्या काठी निघावयाचा आहे.